अदृश्य दाह व आपले कर्तव्य

मनुष्याच्या शरीरात वेदना कशासाठी ठेविली आहे, ह्या प्रश्नाचा विचार आजवर पुष्कळांनी केला आहे, आणि त्याचे एक उत्तर बहुतेकांस मान्य होण्यासारखे आहे. ते असे की, वेदना ही गावच्या वेशीवरील जागल्यासारखी होय. विस्तवास बोट लागले, पायात काटा मोडला, पोटात विकार झाला, की ती हाक मारते. ती हाक ऐकून आपण बोट मागे घेतो, काटा काढितो, वैद्याकडे जातो. हाक कर्कश असते म्हणूनच आपण उठतो. ती गोड असती तर आपण कूस बदलून पुन्हा निजलो असतो. हे उत्तर खरे आहे, आणि त्याचा पुरावा मी पुढे देणारही आहे. परंतु जो जागल्या चोर नसतानाच रात्रंदिवस ओरडत सुटतो, ज्याच्या हाकेमागे ना विस्तव ना काटा, त्याचे काय करावे? त्याचीही हाक निमूटपणे सोसावी, तिच्यापासून काही शिकावे, असेच आपण घरच्या माणसास सांगावे काय? त्याहूनही अवघड प्रश्न असा की, ज्याच्या अंगावर जखम दिसत नाही तो मनुष्य "मी जळतो आहे" असे म्हणाला, तर त्याच्या शब्दावर आपण विश्वास ठेवावा काय?

हा नुसता तर्काचा खेळ नव्हे. ज्ञानतंतूंच्या काही दुर्मिळ विकारांत असेच घडते. त्यांपैकी एकास पाश्चात्त्य वैद्यकात एरिथ्रोमेलाल्जिया असे नाव आहे. तांबडा, अवयव आणि वेदना ह्या अर्थांच्या तीन ग्रीक शब्दांची ही जोडणी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराचे डॉक्टर सायलस वेअर मिचेल ह्यांनी १८७८ साली केली. ह्या विकारात रोग्याचे पाय, आणि कधी कधी हात, एकाएकी लाल होतात, तापतात, व त्यांत निखारे भरल्यासारखी आग होते. थोडे चालणे, पायमोजे, पांघरूण, उबदार खोली, एवढे कारण त्यास पुरे होते. काही वेळाने आग विझते, पाय पहिल्यासारखे दिसू लागतात, आणि पाहणारास वाटते की येथे काहीच झाले नव्हते. ह्या आगीवर रोग्यास स्वतःहून सुचणारा उपाय एकच, तो म्हणजे पाणी. तो बर्फाच्या पाण्यात पाय बुडवून बसतो. तेवढ्यापुरते बरे वाटते, म्हणून पुन्हा बुडवितो. असे दिवसाचे कित्येक तास चालले म्हणजे कातडी भिजून फुटते, व्रण पडतात, प्रसंगी मांस सडू लागते. ज्या पायास बाहेरून काही इजा नव्हती, त्यास आता खरीच जखम होते.

येथे एक गोष्ट सांगून ठेविली पाहिजे. पायांची आग होणारा प्रत्येक मनुष्य ह्या दुर्मिळ रोगाचा नसतो. आपल्याकडे अशा आगीचे नेहमीचे कारण मधुमेह हे आहे; कित्येकांच्या बाबतीत आहारातील ब गटातील जीवनसत्त्वांची उणीव हे असते. पायांची आग होणाऱ्या भारतीय रोग्यांचा अभ्यास डॉक्टर सी. गोपालन ह्यांनी १९४६ साली प्रसिद्ध केला, त्याचा विषय ही उणीवच होती. नागीण बरी झाल्यावरही तिच्या जागी महिनोन् महिने जी आग राहते, ती तर पुष्कळांच्या घरात माहीत आहे. म्हणून दुर्मिळ रोगाचा विचार करण्यापूर्वी रक्तातील साखर तपासावी, ताट तपासावे. हे सर्व तपासून झाल्यावर जे थोडे लोक उरतात, त्यांच्याविषयी हा लेख आहे.

आता विश्वासाचा प्रश्न घेऊ. वर ज्या मिचेल ह्यांचे नाव आले, त्यांस हा प्रश्न फार पूर्वी सोडवावा लागला होता. अमेरिकेत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चालले, त्या काळात फिलाडेल्फिया येथे टर्नर्स लेन नावाचे इस्पितळ खास ज्ञानतंतूंच्या जखमांसाठी उघडण्यात आले, आणि मिचेल व त्यांचे दोन सहकारी तेथे काम करीत. बंदुकीची गोळी लागलेले शिपाई तेथे येत. त्यांतील कित्येकांची जखम भरून आलेली असे, परंतु दंडास गोळी लागलेल्याचा तळहात जळत असे. ते हातावर ओले फडके सतत ठेवीत; काहीजण तर बुटांत पाणी ओतून चालत. वर्तमानपत्राच्या कागदाची सळसळ, शेजारून जाणाऱ्याच्या पावलाचा हादरा, दूर वाजणारे पलटणीचे वाद्य, एवढ्याने त्यांची आग भडके. ह्या अवस्थेस मिचेल ह्यांनी पुढे कॉझॅल्जिया, म्हणजे जळती वेदना, असे नाव दिले.

आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही आहे. ह्याच तिघा डॉक्टरांनी १८६४ साली शिपायांच्या ढोंगावर एक निबंध लिहिला होता. लढाईवर जाणे टळावे म्हणून आजाराचे सोंग घेणारे शिपाई त्या काळी थोडे नव्हते, आणि त्यांचे बिंग ईथर हुंगवून कसे फोडावे हे ह्या डॉक्टरांस पुरते ठाऊक होते. म्हणजे हे भोळे गृहस्थ नव्हते. कोण खोटे बोलतो हे ओळखणे हा त्यांच्या कामाचाच एक भाग होता. आणि अशांनीच त्या जळणाऱ्या शिपायांचे म्हणणे खरे मानिले, कारण त्यांनी ते पुनःपुन्हा व अनेकांच्या तोंडून, तपशिलासह, ऐकून घेतले. आपण मात्र शेजाऱ्याची वेदना खोटी ठरवावयास पाच मिनिटेही घेत नाही.

तरीही मिचेल ह्यांस सर्वस्वी आदर्श ठरवावयास मी तयार नाही. शिपायांवर विश्वास ठेवणाऱ्या ह्याच डॉक्टराने पुढे थकलेल्या, खिन्न झालेल्या स्त्रियांसाठी सक्तीच्या विश्रांतीचा उपचार काढिला. त्यात त्यांस अंथरुणावर निजवून ठेवीत, लिहू-वाचू देत नसत, आणि त्यांचे स्वतःचे म्हणणे फारसे विचारात घेत नसत. शार्लट पर्किन्स गिलमन ह्या लेखिकेने १८८७ साली तो उपचार भोगिला, आणि १८९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या "द यलो वॉलपेपर" ह्या कथेने तो जगाच्या चव्हाट्यावर मांडिला. एका माणसाचे खरे मानणारा दुसऱ्याचे खरे मानीलच असे नाही. कोणाच्या वेदनेस आपण चटकन खरे म्हणतो आणि कोणाच्या वेदनेस नखरा म्हणतो, हे पाहू गेल्यास आपल्या घरांतही काही वेगळे आढळणार नाही. शेतात राबणाऱ्या पुरुषाने पाय धरिला तर डॉक्टरला बोलावितात. सुनेने धरिला तर चुलीपाशी जाणे टाळते म्हणतात.

मिचेल ह्यांनी विश्वास ठेविला, पण वेदनेचे मूळ त्यांस दिसणे शक्य नव्हते. ते दिसावयास एकविसावे शतक उजाडावे लागले. ज्ञानतंतूच्या पातळ आवरणात अतिसूक्ष्म दारे असतात. ती उघडली की सोडियमचे कण आत शिरतात, आणि पुरेसे शिरले की तंतूतून संदेश निघतो. अशा दारांचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी एक प्रकार वेदना वाहणाऱ्या तंतूंत विशेषेकरून असतो, आणि ते दार कसे घडवावे ह्याची आज्ञा एका जनुकात लिहिलेली असते. पिढ्यान् पिढ्या एरिथ्रोमेलाल्जिया असलेल्या कुटुंबांत ह्याच जनुकात दोष आहे, असे चीनमधील संशोधकांनी २००४ साली दाखविले. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे डॉक्टर स्टीफन वॅक्समन व त्यांचे सहकारी ह्यांनी त्याचा अर्थ लाविला. ह्या रोग्यांत ते दार लहानशा धक्क्यानेही उघडते आणि लवकर मिटत नाही. वाऱ्याच्या झुळकीने सताड उघडावे असे ते झाले आहे. तेव्हा तो मनुष्य मनाचा दुबळा नाही, की कांगावखोर नाही. त्याच्या तंतूंतून खरोखरच आगीचा संदेश निघतो, आणि मेंदूस तो पोहोचतो. आग तेवढी नसते.

ह्याच्या उलट बाजूची हकीकत दोन वर्षांनी बाहेर आली, आणि वेदनेच्या उपयोगाचा जो पुरावा मी देईन म्हणून वर म्हटले तो हाच. उत्तर पाकिस्तानातील तीन कुटुंबांत अशी मुले आढळली की ज्यांस जन्मापासून वेदना म्हणून ठाऊकच नव्हती. त्यांच्यात तेच जनुक बिघडलेले होते, परंतु असे की दार मुळी उघडतच नव्हते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनाची सुरुवात एका मुलापासून झाली. तो रस्त्यावर खेळ करून दाखवी; हातातून सुरी आरपार घाली, जळत्या निखाऱ्यांवरून चाले, आणि पैसे मिळवी. संशोधकांस तो प्रत्यक्ष भेटण्यापूर्वीच, चौदावा वाढदिवस येण्याआधी, घराच्या छपरावरून उडी मारून तो मरण पावला. इतर मुलांनी लहानपणी स्वतःचे ओठ व जिभा चावून घेतल्या होत्या. जागल्याच नसलेले गाव ते हे.

वेलोर येथे कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर पॉल ब्रँड ह्यांनी हीच गोष्ट आपल्या देशात राहून शिकविली. कुष्ठरोग्याची बोटे रोगाने गळून पडतात ही समजूत खोटी. वेदना नाहीशी झाल्यामुळे ती भाजतात, घासतात, कुरतडली जातात, आणि मग जातात. पुढे अमेरिकेत त्यांनी कृत्रिम वेदना निर्माण करणारी यंत्रणा रोग्यांच्या हातमोज्यांत बसवून पाहिली. तो प्रयत्न त्यांस सोडून द्यावा लागला, कारण इशारा नकोसा झाला की रोगी यंत्र बंद करीत आणि हवे ते काम करीत. जी वेदना बंद करिता येते ती रक्षण करू शकत नाही, असे त्यांच्या अनुभवावरून दिसते. ब्रँड ह्यांनी वेदनेस देणगी म्हटले, आणि तेव्हापासून व्यासपीठांवरून ते वाक्य पुष्कळ वेळा उच्चारिले गेले आहे.

परंतु ते वाक्य एरिथ्रोमेलाल्जियाच्या रोग्यास सांगणे हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रँड ज्या वेदनेविषयी बोलत होते ती खरी बातमी आणणारी होती. देणगी ती तिच्या दुःखामुळे नव्हे, तर तिच्या सत्यामुळे. जी बातमीच खोटी आहे तिच्यात देणगी ती कोणती? कुष्ठरोगात तर कधी कधी ही दोन्ही एकाच हातात नांदतात. औषधे घेऊन रोगजंतू नाहीसे झाल्यावरही काहींच्या दुखावलेल्या तंतूंत आग उरते, आणि त्याच हातास स्पर्श मात्र कळत नाही. त्या मनुष्यास वेदनेचे मोल काय सांगावे? ईयोबाच्या मित्रांनी त्याच्या दुःखाचा अर्थ त्यास समजावून सांगण्याची घाई केली. त्यांचे ते बोलणे देवास पसंत पडले नाही, एवढे त्या ग्रंथाच्या शेवटी स्वच्छ लिहिले आहे.

वेदना शमविणे म्हणजे ईश्वरी योजनेत हात घालणे होय, असा आक्षेप एके काळी मोठ्या जोराने घेण्यात येत असे. एडिंबरोचे डॉक्टर जेम्स यंग सिम्प्सन ह्यांनी १८४७ साली बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरावयास आरंभ केला, तेव्हा त्यांस ह्या आक्षेपास उत्तर देणारी एक पुस्तिकाच त्याच वर्षी काढावी लागली. तीत त्यांनी उत्पत्तीच्या पुस्तकाचा आधार घेतला. आदामाची फासळी काढण्यापूर्वी देवाने त्यास गाढ निद्रा आणिली, हे त्यांनी दाखवून दिले. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने स्वतःच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला, आणि वादाचा जोर ओसरला. सिम्प्सन ह्यांचे उत्तर चतुर खरे, पण मला त्याची गरज वाटत नाही. ज्याच्या घरास आग लागली आहे तेथे पाणी नेण्यापूर्वी वचन शोधीत बसणारा मनुष्य वचनाचाही अर्थ समजलेला नसतो.

आता पाणी कोणते नेता येते ते पाहू, कारण ह्या विषयात नुसती दया फार दूर जात नाही.

काही रोग्यांच्या आगीचे मूळ जनुकात नसून रक्तात असते. रक्त गोठविणाऱ्या बिंबिका प्रमाणाबाहेर वाढल्या म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांत त्या अडकतात, आणि हातापायांची तशीच लाल आग होते. अशा रोग्यास साधी अ‍ॅस्पिरिनची लहान मात्रा दिली, तर आग इतक्या झपाट्याने शमते की त्यावरूनच पुष्कळदा निदानास बळकटी येते. पदरी थोडे पैसे असलेल्यासही परवडणारी ही गोळी आहे. मात्र ती प्रत्येक दाहावर चालते असे नाही, पोटात रक्तस्राव करू शकते, आणि आधी रक्त तपासल्यावाचून ती मनाने घेऊ नये.

जनुकातील दोषामुळे होणाऱ्या आगीवर सोडियमची ती दारे आवरणारी औषधे देतात. मेक्सिलेटिन हे मूळचे हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरील औषध. त्याने काही कुटुंबांतील रोग्यांस चांगला आराम पडला आहे. दुसरे कार्बामाझेपिन. ते बासेल येथील गायगी कंपनीत १९५३ साली प्रथम तयार झाले, आणि फेफऱ्यावरील औषध म्हणून आज सर्वत्र मिळते. चेहऱ्यात विजेसारखी कळ मारणाऱ्या तंतुशूळावर ते गुणकारी असल्याचे स्वीडनचे डॉक्टर ब्लोम ह्यांनी १९६२ मध्ये दाखविले. एरिथ्रोमेलाल्जियाच्या बहुतेक रोग्यांस मात्र त्याचा उपयोग होत नसे. एखाद्याच कुटुंबास होई. असे का, ह्याचा छडा येलच्या मंडळींनी लाविला. त्या दाराच्या घडणीतील कोणत्या जागी दोष आहे, त्यावर हे औषध लागू पडणे अवलंबून असते. एका विशिष्ट जागेच्या दोषास ते लागू पडेल असे त्यांनी आधी संगणकावर व प्रयोगशाळेत वर्तविले, आणि मग त्या दोषाच्या दोन रोग्यांस ते दिले. हे काम २०१६ साली प्रसिद्ध झाले. एकाची वेदना दिवसाच्या सुमारे सात तासांवरून चार तासांच्या आत आली. दुसऱ्याची सुमारे एक तासावरून नऊ मिनिटांवर. औषध कोणते व नुसती पिठाची गोळी कोणती, हे त्या काळात रोग्यांसही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांसही नव्हते.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, सातांतून चार जवळजवळ उरलेच की. ज्यास सात तास पाय बादलीत ठेवून बसावे लागते त्यास विचारावे. तीन तासांत एक रात्रीची झोप बसते, एक बाजार बसतो, मुलास शाळेत पोहोचविणे बसते.

आणखी एक औषध आपल्या स्वयंपाकघरातले आहे. मिरच्या कांडल्यावर हातांची जी आग होते, ती करणारे द्रव्य म्हणजे कॅप्सेसिन. उष्णता ओळखणाऱ्या तंतूंवरील ज्या दारास ते जाऊन भिडते, त्याचा शोध डेव्हिड ज्युलियस ह्यांनी १९९७ साली लाविला व त्याबद्दल त्यांस २०२१ चे नोबेल पारितोषिक वाटून मिळाले. हेच द्रव्य शेकडा आठ एवढ्या तीव्र प्रमाणात पट्टीवर घालून डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्वचेवर तासभर लाविले, तर तेथील तंतूंची टोके थकून मागे हटतात, आणि काहींस तीन महिनेपर्यंत आराम मिळतो. नागिणीनंतरच्या आगीसाठी ही पट्टी २००९ पासून पाश्चात्त्य देशांत मान्य आहे. काट्याने काटा काढण्याचाच हा प्रकार. तथापि कोणी घरी मिरचीचा लेप करून पाहू नये. तीव्रतेचा अंदाज चुकला तर कातडी जाते.

ह्यांशिवाय अमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन व प्रीगॅबालिन ही औषधे तंतूंच्या सर्व प्रकारच्या दाहावर देतात. त्यांची खरी शक्ती किती, हे सांगण्यात डॉक्टरांनी व आपणही प्रामाणिक राहिले पाहिजे. दोनशेहून अधिक प्रयोगांचा एकत्र हिशेब २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, अमिट्रिप्टिलिनच्या वर्गातील औषध सुमारे चार जणांस द्यावे, तेव्हा पिठाच्या गोळीने झाला असता त्यापलीकडे एकाचे दुःख निम्म्याने कमी होते. गॅबापेंटिन सहा जणांस द्यावे लागते, प्रीगॅबालिन जवळजवळ आठ जणांस. हे आकडे मधुमेह, नागीण अशा नेहमीच्या विकारांचे आहेत. दुर्मिळ विकारांवर एवढे मोठे प्रयोग होतच नाहीत, कारण तेवढे रोगी एका ठिकाणी मिळत नाहीत. म्हणून एका औषधाने गुण आला नाही तर रोगी हट्टी नव्हे, व डॉक्टर लबाड नव्हे. दुसरे करून पाहावे लागते, त्याची मात्रा हळूहळू चढवावी लागते, आणि त्यास आठवडे जातात. बाजारात भिंतीवर "मुळापासून बरे करू, हमी" असे लिहिणारा मात्र खोटे लिहितो.

ह्या औषधांचे उपद्रवही आहेत. सुस्ती येते, तोंड कोरडे पडते, झोक जातो. कार्बामाझेपिनने रक्तातील मीठ उतरते, आणि एका विशिष्ट आनुवंशिक खुणेच्या माणसांत सर्वांगाची कातडी सोलून निघण्यासारखा प्राणघातक विकार होऊ शकतो. ही खूण आशियातील लोकांत, भारतीयांतही, आढळते, म्हणून अंगावर पुरळ उठताच डॉक्टरांस गाठावे. आणि एक गोष्ट मी आपल्या मंडळ्यांसाठी मुद्दाम लिहितो. प्रार्थनासभेत कोणास बरे वाटले, म्हणून विश्वासाची खूण म्हणून गोळ्या फेकून देण्यास सांगणारे उपदेशक गावोगाव फिरतात. फेफऱ्यावरील वर्गातली ही औषधे एकाएकी बंद केली, तर ज्यास पूर्वी कधी आकडी आली नव्हती त्यासही ती येऊ शकते. बंद करावयाचीच असली तर ती डॉक्टरांच्या सांगण्याने, पायरी पायरीने उतरवीत बंद करावी. प्रार्थना त्याच्याबरोबर चालू ठेवण्यास कोणाची हरकत नाही.

अफूपासून होणाऱ्या मॉर्फिनविषयी लोकांच्या मनात दोन टोकांची मते असतात. टर्नर्स लेनमध्ये मॉर्फिनच्या सुया हेच मुख्य साधन होते, आणि युद्धानंतर त्याची सवय लागलेले पुष्कळ शिपाई अमेरिकेत उरले. आपल्या देशात १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने नेमके उलटे झाले. परवान्यांच्या जंजाळात कर्करोगाने मरणाऱ्यासही मॉर्फिन मिळेनासे झाले, आणि २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करावी लागली. तंतूंच्या दाहावर ते आज पहिल्या ओळीचे औषध नव्हे. इतर उपाय थकल्यावर, जाणत्या डॉक्टरांच्या हाताने, थोडे द्यावयाचे. पण सवय लागेल ह्या धास्तीने मरणोन्मुखास तळमळत ठेवणारा स्वतःस नीतिमान समजत असेल तर त्याने पुन्हा विचार करावा.

शेवटी पैशाची गोष्ट, आणि ती सर्वांत अवघड आहे. फॅब्रीचा रोग म्हणून एक आनुवंशिक विकार आहे; १८९८ साली दोन डॉक्टरांनी दोन देशांत तो स्वतंत्रपणे वर्णिला. ह्यात एक पाचकद्रव्य शरीरात तयार होत नाही, आणि लहान मुलगा ताप आला, धावला किंवा उन्हात गेला की हातापायांच्या आगीने रडू लागतो. त्यास घाम फारसा येत नाही. शाळा टाळतो म्हणून त्यास मार बसतो. पुढे तरुणपणी मूत्रपिंडे व हृदय बिघडते, तेव्हा खरे काय ते कळते. ते द्रव्य बाहेरून शिरेत देण्याचे औषध २००१ पासून युरोपात मिळते, परंतु ते दर पंधरवड्यास, जन्मभर, घ्यावे लागते. भारत सरकारने २०२१ साली दुर्मिळ रोगांचे धोरण ठरविले, आणि २०२२ मध्ये नेमलेल्या केंद्रांतून एका रोग्यास ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची तरतूद केली, मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय हे अशा केंद्रांपैकी एक आहे. ५० लाख ही मोठी रक्कम, पण जन्मभराच्या औषधापुढे ती पुरत नाही.

त्यावर एक प्रामाणिक मनुष्य विचारतो की, त्या ५० लाखांत किती गावांतील मुलांस पोटभर अन्न व जीवनसत्त्वे देता आली असती? हा प्रश्न निर्दयाचा नव्हे, आणि ह्यास सोपे उत्तर आहे असे मी म्हणणार नाही. कोणी असे उत्तर देतात की, दुर्मिळ रोगी सर्वांस उपयोगी पडतात. सोडियमची दारे त्या थोड्या कुटुंबांमुळेच अधिक नीट समजली, आणि त्यांच्यासारख्या दुसऱ्या एका दारावर चालणारे सुझेट्रिजिन हे नवे औषध तीव्र वेदनेसाठी जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. हे खरे आहे. पण त्या आधारावर मदत देणे मला अपुरे वाटते. मग ज्याच्या रोगापासून कोणास काही शिकता आले नाही, तो मदतीस अपात्र ठरेल काय? माझे मत असे की, आगीत सापडलेल्या मुलाचा हक्क त्याच्या उपयोगावर नाही, आणि तो जगात किती जणांसारखा आहे ह्या संख्येवरही नाही. तरीही तिजोरी अमर्याद नाही. तेव्हा औषध बनविणाऱ्यांनी किंमत इतकी का ठेवावी हा प्रश्न आधी विचारावा, आणि उपाशी मुलाकडे बोट दाखवून जळणाऱ्या मुलास परत पाठवू नये.

आपल्या हाती किंमत नाही, जनुक नाही. पण निदान होण्यास जो वर्षांचा विलंब लागतो, तो काही अंशी आपल्या हाती आहे. डॉक्टरांच्या खोलीत पोहोचेपर्यंत पाय बहुधा थंड व गोरे झालेले असतात, आणि रोगी पुन्हा खोटा पडतो. म्हणून ज्याच्या घरात असा कोणी असेल त्याने एक वही करावी. आग किती वाजता पेटली, कोणत्या पायात, आधी काय केले होते, किती वेळ राहिली, कशाने शमली, घराण्यात आणखी कोणास तसे होते काय, हे तीत रोज लिहावे; रोग्यास अक्षर येत नसेल तर शाळेतल्या मुलाने लिहावे. आग पेटली असतानाच मोबाईलवर पायांचे छायाचित्र काढून ठेवावे. पाय बर्फात बुडवू देऊ नयेत. ओले फडके, पंखा, पाय उंच ठेवणे, एवढ्यावर भागवावे. आणि तालुक्याच्या दवाखान्यात जाताना त्यास एकट्याने पाठवू नये. वही आणि छायाचित्र घेऊन त्याच्याबरोबर कोणीतरी जावे, आणि डॉक्टरांनी "सर्व ठीक आहे" म्हटले तर त्यांच्यापुढे ती वही उघडून ठेवावी.